माहीत नाही, विचारतोय…

बडनेऱ्याला एसटीत चढलेल्या त्या माणसानं आधी एक पोतं आत ढकललं आणि मग स्वतः चढला. अख्ख्या गाडीत एकच जागा रिकामी होती, इशिताच्या शेजारची. त्यानं पोतं मांडीवर घेतलं, तिच्याकडे पाहून 'जमते ना?' अशी मान हलवली आणि बसला.

"पोत्यात काय हाय?" कंडक्टरनं विचारलं.

"भूत," तो म्हणाला. "माणसाचं आयकत नाई असं."

"भुताले तिकीट लागत नाई. तुमचं काढा."

"एक अकोला."

इशिताला हसू आवरेना. तिनं खिडकीकडे तोंड फिरवलं, पण काचेत तिचं हसू त्याला दिसलंच. डिसेंबरची सकाळ होती. उन्हानं रापलेला चेहरा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, आणि बोलताना डावी भुवई जरा वर. आता बाई, दर मंगळवारी कामानिमित्त अकोल्याला जाणाऱ्या मुलीनं शेजारच्या माणसाची भुवई एवढी बारकाईनं पाहायचं काही कारण नव्हतं. पण पाहिली.

"हसा, हसा," तो म्हणाला. "तुमच्या घरी संत्र्याचा बगीचा नसंल."

"नाहीये. आमच्याकडे एक कढीपत्त्याचं झाड आहे."

"त्याले पाणी कोन देते?"

"बाबा. बादलीनं."

"मंग सुखी हाय तुमचा कढीपत्ता."

त्यानं पोत्याचं तोंड सोडलं. आत पांढरी प्लॅस्टिकची पेटी होती, वर बोटाएवढा काळा अँटेना. इशितानं ती पाहताक्षणी ओळखली. ही पेटी तिनं सहा महिने अमरावतीच्या ऑफिसात आपल्या टेबलावर ठेवली होती. बगीच्याच्या ठिबकचा वॉल्व्ह फोनवरून उघडायचा, फोनवरून बंद करायचा… त्याचा सगळा प्रोग्राम तिनं लिहिला होता. गप्प बसावं की बोलावं? ती गप्प बसली.

तो मात्र सांगायच्या रंगात आला होता. नाव विपुल, गाव नांदगाव खंडेश्वरच्या पलीकडे, अकोल्याला शेतीचं शिकून घरच्याच वावरात परतलेला, आणि आज ही पेटी अकोल्याच्या दुकानदाराला दाखवायला निघालेला.

"संत्र्याले थंडीत तहानलेलं ठेवा लागते," तो म्हणाला. "ताण देनं म्हणतात त्याले. दीड-दोन महिने थेंब नाई. पानं मलूल होतात, झाड पार रुसते. मंग पाणी सोडलं का अंगभर फुलते. थो आंबिया बहार. वर्षाचं पीक त्या एका फुलावर."

"मग?"

"मंग काय! ताण सुरू कराचा दिवस. आमी सारे अकोल्याले, चुलतबहिणीच्या साखरपुड्यात. मी तिथून फोनवर बटन दाबलं, पाणी बंद कराले. तर हे भूत म्हणते, अयशस्वी. म्हणून पुन्हा दाबलं. तर म्हणते, यशस्वी. मी निवांत जेवाले बसलो. दुसऱ्या दिवशी दुपारी घरी येऊन पाहतो, तर पाणी सुरूच! काळ्या मातीत एवढं पाणी म्हणजे… ती पंधरा दिवस सोडत नाई. फूल उशिरा आलं का फळ मार्चच्या उन्हात सापडते, गळते." त्यानं पेटीवर टिचकी मारली. "ज्यानं हे बनवलं ना, त्याले मी एक दिवस आमच्या वावरात उभा करीन. उन्हात."

इशिताच्या कानांच्या पाळ्या तापल्या. आणि मग तिच्या तोंडून निघून गेलं, "लाल अक्षरांत आलं असेल ते… आणि खाली 'पुन्हा प्रयत्न करा'."

विपुलची भुवई वर गेली ती खाली येईना.

"लाल अक्षरं तुमाले कशी माहीत?"

"कारण… ती मी लिहिली आहेत."

गाडी लोणीच्या पुढे गेली. शेवटी इशितानंच धीर केला. "तुमचा पहिला निरोप पोचला होता. वॉल्व्ह बंदही झाला होता. पण 'झाला' हे उत्तर परत येताना वाटेत हरवलं. उत्तर आलं नाही, म्हणजे काम झालंच नाही, असं धरून चालले मी. आणि बटण एकच ठेवलं होतं… उघडं असेल तर बंद, बंद असेल तर उघडं. तुम्ही दुसऱ्यांदा दाबलंत आणि ते उघडलं. तुमची चूक नाही. माझी आहे."

त्यानं पेटी उलटीसुलटी करून पाहिली.

"म्हणजे त्याले काय झालं थे माहीतच नव्हतं. तरी 'अयशस्वी' म्हणालं?"

"हो."

"म्हणजे खोटं बोललं."

आपल्या प्रोग्रामला आजवर पुष्कळ नावं ठेवलेली इशितानं ऐकली होती. संथ म्हणालं कोणी, किचकट म्हणालं. खोटारडा कोणी म्हटलं नव्हतं. तिला ते फार लागलं, आणि सगळ्यांत जास्त लागलं ते यासाठी की ते खरं होतं.

मूर्तिजापूरला गाडी थांबली तसा तो पोतं तिच्या पायाशी ठेवून उतरला. गेला बिचारा, आता तोंडही पाहणार नाही, असं तिला वाटलं. पाच मिनिटांनी दोन कागदी कपांत चहा घेऊन परत आला आणि एक तिच्या हातात दिला.

"तुम्ही चिडलाय ना?"

"चिडलो हावो मी," तो फुंकर मारत म्हणाला. "चहा वेगळा."

अकोल्याच्या स्टँडवर उतरताना त्यानं मागे वळून सांगितलं, "एकदा वावरात या. तुमच्या टेबलावर सारं पोचत असंल. आमच्या इकडं हवा अर्धं खाऊन टाकते."

ती पुढच्याच रविवारी गेली. का गेली? प्रोग्राम दुरुस्त करायला, असं तिनं घरी कमलाकांतरावांना सांगितलं. बाबा निवृत्त मास्तर. लेकीनं रविवारी सकाळी केस धुऊन, नवी ओढणी घेऊन प्रोग्राम दुरुस्त करायला निघावं याचं त्यांना नवल वाटलं असेल, पण ते वर्तमानपत्रातून वर पाहून नुसतं "हं" म्हणाले.

"अवं माय, एवढीशी पोरगी!" विपुलची आई पार्वताबाई अंगणातच म्हणाली. "मले वाटलं, कोनी टकल्या मानूस असंल चष्म्यावाला." आणि आलू-वांग्याची भाजी, भाकर, ठेचा असं ताट समोर आलं. त्याच घराच्या वर्षाच्या पिकाशी आपण खेळ केलाय, या विचारानं इशिता नुसती भाकर मोडत राहिली. बाग ओल्या मातीत हिरवीगार उभी होती. इतकी हिरवी की पाहून कोणालाही बरं वाटावं… आणि तेच वाईट होतं.

विपुलचे वडील नत्थुजी मशीनबद्दल अवाक्षर बोलले नाहीत. जेवण झाल्यावर हरभऱ्याला पाणी द्यायला निघाले, ती मागोमाग गेली. इथं ठिबक नव्हतं, सऱ्यांनी पाणी. विपुल पार वरच्या टोकाला पाइपाशी, नत्थुजी खालच्या टोकाला. मध्ये मोठं वावर आणि भणाणता वारा. खालची सरी भरली की नत्थुजी तोंडाशी हात धरून ओरडायचे, "सात!" वरून विपुलचा बारीक आवाज यायचा, "सात!" आणि पाणी सातव्या सरीत वळायचं.

एकदा वरून आवाज आला नाही. नत्थुजी थोडं थांबले, आणि शांतपणे पुन्हा ओरडले, "आठ!" पुन्हा थांबले. पुन्हा, "आठ!"

"काका, दर वेळी नंबर कशाला? 'पुढची' म्हटलं तरी कळेल की त्याला."

नत्थुजींनी तिच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. "पोरी, समज मी 'पुढची' म्हनलो. त्याले आयकू गेलं, त्यानं पानी बदललं, पन त्याचा आवाज हवेनं खाल्ला. मले वाटते, त्यानं आयकलंच नाई. मी पुन्हा म्हनलो 'पुढची'. मंग? त्यानं आखीन एक बदलली. एक सरी कोरडी राह्यली ना! नंबर म्हना. आठ म्हनलं का आठच. धा वेळा म्हना, आठची नऊ होत नाई."

इशिता तिथंच बांधावर बसली आणि पर्समधून वही काढली. सहा महिने एसीत बसून जे सुचलं नाही, ते हा माणूस चिखलात उभा राहून रोज करत होता. तिला हसावं की रडावं कळेना. "काका, हेच हवं होतं मला!"

"कोनतं?" नत्थुजी म्हणाले. "हरभरा?"

पुढचा महिनाभर तिनं प्रोग्राम मोडून पुन्हा लिहिला. एका बटणाची दोन केली, 'उघड' आणि 'बंद'. बंद म्हटलं की बंद, दहा वेळा म्हटलं तरी बंदच. आणि फोनच्या पडद्यावरच्या लाल-हिरव्या दिव्यांमध्ये तिनं एक पिवळा दिवा घातला. उत्तर आलं नाही तर अक्षरं उमटायची: 'माहीत नाही, विचारतोय…'

यावरून साहेबांशी तिची चांगलीच जुंपली. धर्मपाल सर म्हणाले, "ग्राहकाला 'माहीत नाही' सांगायचं? लाज काढशील कंपनीची!" इशिता म्हणाली, "सर, माहीत नसताना माहीत आहे म्हणण्यापेक्षा बरं." आणि हटली नाही.

नवी पेटी बसवली त्या दिवशी नत्थुजींनी पिवळा दिवा निरखून पाहिला. "हे बेस केलं," ते म्हणाले. "आता खोटं नाई बोलत."

आणि विपुल? विपुल रोज संध्याकाळी पेटीचा हालहवाल कळवायचा. "आज सतरा वेळा 'बंद' दाबलं. बंदच हाय. भूत सुधरलं." कधी मलूल होत चाललेल्या पानाचा फोटो पाठवायचा. कधी नुसतंच, "जेवली का?" 'तुमी'चं 'तू' कधी झालं ते दोघांच्याही ध्यानात आलं नाही. फोन वाजला की इशिताचा हात कीबोर्डवरून आपोआप उठायचा आणि शेजारच्या टेबलावरची पौर्णिमा म्हणायची, "घ्या, आला पेटीचा हालहवाल!"

जानेवारीच्या शेवटी, दुपारच्या डब्याच्या सुट्टीत इशितानं मनाचा हिय्या केला आणि लिहिलं— 'विपुल, मला तू आवडतोस.' पाठवलं. एक टिक उमटली. दुसरी उमटेना.

वावरात असेल, रेंज नसेल. अर्धा तास गेला. एक तास. दोन. हे काय लिहून बसलो आपण? ज्या घराचा बहार आपल्यामुळं अडकलाय, त्याच घरच्या मुलाला हे असं… फुलं आलीच नाहीत तर तो आपल्याकडे कोणत्या डोळ्यांनी पाहील? तिनं घाईघाईनं मेसेज पुसून टाकला.

संध्याकाळी दोन टिका दिसल्या, मग निळ्या झाल्या. म्हणजे त्यानं पाहिलं. काय पाहिलं? 'हा मेसेज डिलीट केला आहे', एवढंच. आणि त्या दिवसापासून 'जेवली का?' बंद झालं.

"चार दिवस झाले," पौर्णिमा म्हणाली. "उत्तर नाही म्हणजे नाही. सोड त्याला."

इशिता चमकलीच. उत्तर नाही म्हणजे नाही, हेच तर आपण लाल अक्षरांत लिहिलं होतं! त्याला राग आला असेल, किंवा काही कळलंच नसेल, किंवा अजून विचार करत असेल… इथून काय कळणार? पण पुन्हा विचारायचं तरी कशाच्या जोरावर? आपणच आधी उघडलं, आपणच बंद केलं. आता त्या बिचाऱ्यानं नेमकं कशाला उत्तर द्यायचं? दुसऱ्यांच्या पेट्या दुरुस्त करणाऱ्या मुलीला स्वतःचं एक वाक्य दुरुस्त करता येईना, आणि ती चांगलीच दुःखी झाली.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात पार्वताबाईचा फोन आला. "पोरी, ताण तोडाचा हाय. पानी तुयाच हातानं सोडाचं."

बाग आता ओळखू येत नव्हती. पानं वळलेली, फिकट, काही खाली पडलेली. विपुल फाटकाशी उभा होता. "या," म्हणाला, पाहुण्याला म्हणावं तसं. 'ये' नव्हे, 'या'.

नत्थुजींनी अगरबत्ती लावली, नारळ फोडला. इशितानं फोनवर 'उघड' दाबलं. सगळ्यांनी पडद्याकडे पाहिलं. पिवळा दिवा. 'माहीत नाही, विचारतोय…'

सगळ्यांच्या नजरा नळ्यांकडे वळल्या.

"दाब पुन्हा," नत्थुजी म्हणाले. "आता काई बिघडत नाई ना?"

"नाही बिघडत." तिनं दाबलं. पिवळाच.

"मंग एक जन शेवटच्या झाडापाशी जाऊन पाहा. मशीन काई म्हनो. विप्या, तू वॉल्व्हपाशी थांब. जाय पोरी."

शेवटचं झाड म्हणजे वावराच्या पार दुसऱ्या टोकाला. ती सुकल्या पानांवरून कुरकुर चालत गेली आणि झाडाच्या बुंध्याशी उकिडवी बसली. काळी मातीही भेगाळलेली. नळीच्या तोंडाशी कान नेला. आधी नुसतीच हवा फुसफुसली… मग एक थेंब. मग दुसरा. मातीनं तो असा ओढून घेतला की इशिताच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"पोचलं!" ती उभी राहून ओरडली.

वाऱ्यानं अर्धं खाल्लं. वरून आवाज आला, "काय?"

"पाणी पोचलं!"

झाडांच्या रांगेच्या त्या टोकाला एवढासा विपुल कमरेवर हात ठेवून उभा. आणि मग, एकदम मोठ्यानं, "इशिता! थो पुसलेला मेसेज काय होता?"

'काही नव्हतं, चुकून गेला' म्हणता आलं असतं. 'नंतर सांगते' म्हणता आलं असतं. पण खाली माती पाणी पीत होती, आणि मोघम बोलून एक सरी कोरडी राहते हे तिला याच वावरानं शिकवलं होतं. तिनं तोंडाशी हात धरले.

"मला तू आवडतोस!"

"आयकू नाई आलं!"

"मला! तू! आवडतोस!"

"हवा लय हाय! पुन्हा म्हन!"

आता मात्र ती इरेला पेटली. सगळा जीव गोळा करून ती अशी ओरडली की शेजारच्या निंबावरचे पोपट भर्रकन उडाले. त्या टोकाला काहीच हाललं नाही. मग विपुल चालायला लागला. झाडांमधून, घाई न करता, सरळ तिच्या रोखानं. तेवढ्या वेळात इशिताच्या मनात पिवळा दिवा किती वेळा लागला ते तिलाच ठाऊक.

तो समोर येऊन उभा राहिला. डावी भुवई वर होती.

"पयल्यांदाच आयकू आलं होतं," तो म्हणाला.

"अगं बाई! मग तीनदा कशाला वदवलंस?"

"धा वेळा म्हनलं तरी बदलत नाई का, थे पाह्यलं."

"बदललं?"

"नाई." तो हसला. "आवाज वाढला फक्त."

"आणि इतके दिवस गप्प का होतास?"

"मले काय माहीत काय पुसलं थे? वाटलं, मनात होतं थे चुकून लिवलं आन परत घेतलं. मी विचारलं असतं आन तू म्हटली असती, 'काई नव्हतं'… मंग? त्यापेक्षा पिवळा दिवा बरा वाटला." त्यानं पायानं मातीचं ढेकूळ फोडलं. "पन जेवन जात नव्हतं."

"मलाही," ती म्हणाली. आणि मग हळूच, "उत्तर दे ना…"

"तिकडून वरडलो असतो, तर हवेनं खाल्लं असतं. म्हनून घेऊन आलो." त्यानं तिचा मातीनं भरलेला हात हातात घेतला. "मले तू लय आवडते, इशिता. पोतं घेऊन गाडीत चढलो ना, त्या दिवसापासून. चिडलो होतो तवाबी."

विहिरीकडून नत्थुजींचा खणखणीत आवाज आला. "आमालेबी पोचलं गा विप्या! तिन्ही वेळा!" आणि पाठोपाठ पार्वताबाईचं हसू.

इशितानं लाजून ओढणीत तोंड लपवलं. मग तिनं झाडाकडे पाहत विचारलं, "फुलेल का रे? माझ्यामुळं पंधरा दिवस मागं पडलंय सगळं."

विपुलनं खोटा धीर दिला नाही. "माहीत नाई," तो म्हणाला. त्यानं एक वळलेलं पान बोटांनी सरळ केलं. "झाडाइले विचारून राह्यलो." आणि हे ऐकून तिला, का कोण जाणे, खूप दिवसांनी शांत वाटलं.

त्यानंतरचा तिसरा मंगळवार. अकोल्याची गाडी बडनेऱ्याला थांबली. इशितानं शेजारच्या जागेवर पर्स ठेवून दोघा जणांशी भांडण ओढवून घेतलं होतं, आणि 'तिकीट बडनेऱ्याला काढते' म्हणून कंडक्टरला थोपवलं होतं. विपुल चढला. बरोबर पुन्हा तेच पोतं, पण या वेळी अलगद, दोन्ही हातांनी धरलेलं. तो बसला आणि गाडीतली माणसं एकेक करून मागे वळून पाहायला लागली, कारण सगळ्या गाडीत गोड वास भरला होता.

"पोत्यात काय हाय आता?" कंडक्टरनं विचारलं. "भूतच काय?"

विपुलनं पोत्याचं तोंड सोडलं. आईनं हात आखडता घेऊन दिलेली एवढीशी फांदी, पानापानाआड पांढऱ्या कळ्यांनी लगडलेली, दोन फुलं उमललेली. इशितानं ओंजळ पुढे केली आणि फांदी अलगद घेतली.

"बहार," ती कंडक्टरला म्हणाली. आणि मग, विपुल खिशात हात घालायच्या आत, "दोन अकोला."